चित्रपटनिर्मितीतील इव्हेंट मॅनेजमेंट : व्यवस्था आणि आशय यांचा परस्परसंबंध

‘इव्हेंट मॅनेजमेंट’ हा शब्दप्रयोग गेल्या काही दशकांत मराठी व्यवहारात पूर्णपणे रुळला असून लग्नसमारंभापासून राजकीय मेळाव्यापर्यंत त्याचा सर्वत्र संचार आहे. चित्रपटाच्या संदर्भात मात्र त्याचा अर्थ फारच संकुचित करण्यात आला आहे. मुहूर्त, ध्वनिफितीचे प्रकाशन, ट्रेलरचे अनावरण, प्रीमियर एवढ्यापुरतेच हे व्यवस्थापन मर्यादित आहे, असा सर्वसाधारण समज दिसतो. वास्तविक पाहता चित्रीकरणाचा प्रत्येक दिवस हाच एक इव्हेंट असतो. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी माणसे, यंत्रे, वेशभूषा, वाहने, वीज, जेवण आणि परवानग्या या साऱ्यांची गाठ घालून द्यावी लागते आणि उजेड सरला की तो दिवस हातचा जातो. समारंभाचा प्रेक्षक मांडवात बसलेला असतो. चित्रीकरणाचा प्रेक्षक एकच, तो म्हणजे कॅमेरा. म्हणूनच मांडवातली व्यवस्था डोळ्यांत भरली तर यजमानाला धन्यता वाटते, पडद्यावर ती दिसली तर दृश्य फसते.

मराठी चित्रपटसमीक्षेने या व्यवस्थेची दखल क्वचितच घेतली. कथा, अभिनय, छायालेखन, संगीत यांचा परामर्श घेऊन झाल्यावर ‘निर्मितीमूल्ये उत्तम’ एवढ्या दोन शब्दांत तिची बोळवण केली जाते. व्यवस्थेचा निर्णय हा अनेकदा आशयाचाच निर्णय असतो, हे प्रतिपादन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भारतीय चित्रपटाच्या आरंभबिंदूपाशीच याचे प्रत्यंतर येते. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चे चित्रीकरण दादरच्या ‘मथुरा भवन’ परिसरात झाले. सुमारे ३,७०० फूट लांबीच्या या चित्रपटासाठी सहा महिने सत्तावीस दिवस लागले. या काळात फाळक्यांचे घर हेच कार्यालय, रंगपटाची खोली, रसायनशाळा आणि भटारखाना होते. सरस्वतीबाई फाळके साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करीत, शिवाय फिल्मला छिद्रे पाडण्याचे आणि ती धुण्याचे कामही त्यांनी शिकून घेतले होते. आजच्या परिभाषेत निर्मिती-व्यवस्थापक, भोजनव्यवस्थापक आणि प्रयोगशाळा-साहाय्यक अशी तीन पदे एका व्यक्तीकडे होती आणि तिन्हींपैकी एकही पद तिच्या नावावर लागलेले नव्हते.

परवानगी या विषयाचा पहिला धडाही याच चित्रपटाने दिला. बाह्यचित्रीकरणासाठी वांगणी येथे पुढे गेलेली मंडळी भाले-तलवारी घेऊन उतरली. गावकऱ्यांना ते दरोडेखोर वाटले आणि पोलिसांनी सर्वांना ताब्यात घेतले. मागाहून आलेल्या फाळक्यांनी कॅमेरा दाखवून, प्रात्यक्षिक करून त्यांची सुटका केली, अशी हकीकत सांगितली जाते. ती विनोद म्हणून सांगण्याचा प्रघात असला तरी तिच्यात व्यवस्थापनाचे एक मूलभूत सूत्र दडलेले आहे. चित्रीकरण हे परक्या गावात शिरणे असते. तिथल्या माणसांना आधी विश्वासात घ्यावे लागते. आज निर्मितिसंस्थेचा माणूस स्थळपाहणी करतो, ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला पत्र देतो. हे सारे उपचार वांगणीच्या त्या फजितीचेच वारसदार होत.

परेश मोकाशी दिग्दर्शित ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) या चित्रपटाचे वेगळेपण येथे ध्यानात येते. चित्रपटनिर्मितीवरील चित्रपटांत सामान्यतः कलावंताची तगमग केंद्रस्थानी असते. मोकाशींनी मात्र जुळवाजुळव हेच कथानक मानले. भांडवल, यंत्रसामग्री, तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्रीचा शोध, तो निष्फळ ठरल्यावर पुरुष नटांना मिशा काढायला राजी करणे, या पायऱ्यांनीच कथा पुढे सरकते. शीर्षकातील ‘फॅक्टरी’ हा शब्दही त्या व्यवस्थेतूनच आलेला आहे. नाटक-सिनेमाचे काम प्रतिष्ठेचे नसल्याने आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहोत, असे मंडळींनी बाहेर सांगावे, ही युक्ती फाळक्यांची. नंदू माधव आणि विभावरी देशपांडे यांनी हे दांपत्य ज्या प्रसन्नतेने उभे केले आहे, तिला तोड नाही.

तथापि या प्रसन्नतेची एक मर्यादाही नोंदवणे आवश्यक आहे. चित्रपटात अडचण येते आणि पुढच्याच दृश्यात ती सुटते. सहा महिने सत्तावीस दिवसांचा कालावधी, त्यातील कंटाळा, थकवा, वाया गेलेले दिवस यांचे वजन प्रेक्षकापर्यंत पोहोचत नाही. सरस्वतीबाईंचे श्रम हौसेच्या रंगात न्हाऊन निघतात. व्यवस्थेला नायकपद बहाल करणाऱ्या चित्रपटानेच व्यवस्थेतील कष्ट हलके करून दाखवावेत, ही बाब खटकल्यावाचून राहत नाही.

फाळक्यांची मंडळी मूठभर होती. अशा व्यवस्थेच्या अगदी दुसऱ्या टोकाचे उदाहरण म्हणून रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’ (१९८२) या चित्रपटातील अंत्ययात्रेचा विचार करता येईल. हे दृश्य ३१ जानेवारी १९८१ रोजी, म्हणजे प्रत्यक्ष अंत्ययात्रेला बरोबर तेहेतीस वर्षे झाली त्या दिवशी, दिल्लीच्या राजपथावर (आताचा कर्तव्यपथ) चित्रित झाले. तीन लाखांहून अधिक लोक त्यात सहभागी होते. त्यांतील काहींना अल्प मोबदला देण्यात आला, बहुसंख्य लोक स्वेच्छेने आले. अकरा कॅमेऱ्यांनी सुमारे २०,००० फूट फिल्म खर्ची पडली. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मचा हिशेब मांडला तर हे चित्रण साडेतीन तासांहून अधिक भरते; पडद्यावर त्यातील जेमतेम दोन मिनिटे उरली.

या आकड्यांचा उल्लेख एरवी विक्रम म्हणून होतो. समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो त्यांच्यामागचा विचार. तीन लाखांच्या समुदायाला ‘पुन्हा एकदा’ असे सांगता येत नाही. रीटेकची शक्यता संपली की दिग्दर्शकाचे काम चित्रीकरणाच्या आदल्या दिवशीच संपते. त्या सकाळी उरते ती केवळ अंमलबजावणी. अकरा कॅमेरे ही चैन नव्हती, ती पुन्हा न मिळणाऱ्या क्षणाची तजवीज होती. तारखेची निवडही तितकीच अर्थपूर्ण आहे. पुण्यतिथीच्या दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर आलेला माणूस निव्वळ एक्स्ट्रा होता की श्रोता, यात्रेकरू, शोक करणारा नागरिक? चित्रीकरण आणि स्मरणसोहळा यांची सीमारेषा तेथे पुसट झाली. पडद्यावरील गर्दीला जे गांभीर्य लाभले आहे, त्याचा काही वाटा अभिनयाच्या तालमीचा नसून या दिनदर्शिकेचा आहे. ‘कधी बोलवायचे’ हा वरकरणी व्यवस्थापनाचा प्रश्न असा थेट भावपरिणामाशी जाऊन भिडतो.

अर्थात, भव्यतेचा मोहही येथे लपत नाही. रेडिओ-निवेदकाच्या आवाजाखाली पसरलेला तो जनसागर पाहताना दृष्टी दिपते, पण एखादा चेहरा मनात रेंगाळत नाही. जमवलेली गर्दी दाखवलीच पाहिजे, अशी सक्ती जमवण्याच्या खटाटोपातूनच निर्माण होते. याउलट याच चित्रपटातील भानू अथय्या आणि जॉन मोलो यांची वेशभूषा पाहावी. शेकडो माणसांच्या पोशाखांची साठवण, वर्गवारी, वाटप ही प्रचंड व्यवस्था तिच्यामागे असूनही ती कुठेच स्वतःकडे बोट दाखवत नाही. कोल्हापूरच्या या कलावतीला ऑस्कर मिळाले याचा अभिमान आपण बाळगतो. परंतु तिच्या कामातील व्यवस्थापकीय शिस्तीचा अभ्यास मराठीत अभावानेच आढळतो. संगणकीय गर्दीच्या आजच्या काळात तीन लाख माणसे जमवण्याची गरज उरलेली नाही. मात्र चेहरा की समूह, हा निर्णय संगणक घेत नाही.

चित्रपटाबाहेरच्या इव्हेंटविषयी थोडक्यात लिहिले तरी चालण्यासारखे आहे. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला तेव्हा खेळासोबत इरीन डेलमार हिचे नृत्य आणि पायांनी वस्तू झेलणाऱ्या अलेक्झांडरची करामत होती. सहा-सहा तासांच्या नाटकांना सरावलेल्या प्रेक्षकाला पैसे वसूल झाल्यासारखे वाटावे, हा त्यामागील व्यवहार. ५ ऑगस्ट १९६० रोजी मराठा मंदिरात ‘मुघल-ए-आझम’ झळकला, तेव्हा चित्रपटाच्या प्रती सजवलेल्या हत्तीवरून आणण्यात आल्या. पुढे दूरचित्रवाणीने हा हत्ती घराघरांत नेला. २०१४ साली सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’ या कार्यक्रमात हजेरी लावणे हा मराठी चित्रपटांच्या प्रदर्शनपूर्व वेळापत्रकाचा जवळजवळ नेमच होऊन बसला. मर्यादित भांडवलाच्या मराठी निर्मात्याला ही प्रसिद्धी परवडणारी होती, हे मान्य केले पाहिजे. मात्र निर्मितीच्या अंदाजपत्रकात प्रसिद्धीचा वाटा वाढतो तेव्हा कात्री बहुधा चित्रीकरणाच्या दिवसांना लागते. तीस दिवसांचे काम बावीस दिवसांत उरकायचे ठरले की तालीम, सुरक्षितता आणि विश्रांती या तीन गोष्टी प्रथम वगळल्या जातात.

हा प्रश्न निव्वळ कलेचा राहत नाही. १९ फेब्रुवारी २०२० रोजी चेन्नईजवळ ‘इंडियन २’च्या सेटवर क्रेन कोसळून तिघांचा मृत्यू झाला. ४ डिसेंबर २०२४ रोजी हैदराबादच्या संध्या चित्रपटगृहात ‘पुष्पा २’च्या प्रीमियरला चेंगराचेंगरी होऊन एका महिलेला प्राण गमवावे लागले, तिचा लहान मुलगा गंभीर जखमी झाला. पहिली घटना कॅमेऱ्यासमोरच्या इव्हेंटची, दुसरी प्रेक्षकांसमोरच्या. दोन्हींनंतर चर्चा झाली ती प्रामुख्याने तारे आणि दिग्दर्शक यांची. क्रेनची तपासणी कोणी करायची, दरवाजे किती वाजता उघडायचे, गर्दीचा लोंढा कोणत्या बाजूने वळवायचा, हे ठरवणाऱ्या पदांची नावेही सर्वसामान्य वाचकाला परिचित नाहीत.

महाविद्यालयीन अभ्यासक्रमांतही चित्र फारसे निराळे नाही. जनसंवादाचा विद्यार्थी इव्हेंट मॅनेजमेंट शिकतो ते वार्षिक महोत्सवाच्या निमित्ताने आणि चित्रपट-आस्वाद शिकतो तो वेगळ्या प्रश्नपत्रिकेसाठी. कॉल शीट वाचायला देऊन ‘या दिवसात कोणती दृश्ये एकत्र का घेतली असावीत?’ असा एखादा प्रश्न विचारला गेला, तर दोन्ही विषयांचा सांधा जुळू शकेल. कोल्हापूरची चित्रनगरी आणि गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी या दोन्ही ठिकाणी अशा अभ्यासाला हवी तितकी सामग्री रोज तयार होते आणि पॅकअपनंतर रद्दीत जाते.

पुरस्कारांची गोष्टही येथे नोंदवण्याजोगी आहे. आपल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत निर्मिती-व्यवस्थापनाला स्वतंत्र विभाग नाही. सेटवरील दिवसाची घडी ज्याच्या हाती असते त्या साहाय्यक दिग्दर्शकाला हॉलिवूडच्या अकादमीने एकेकाळी ऑस्कर देऊ केले होते. तो विभाग १९३३ ते १९३७ अशी पाच वर्षे चालला आणि बंद करण्यात आला.