उघड्या पोलादाची कांती

रंग लावलेलं पोलाद कितीही वेळ बघितलं तरी आपण बघतो तो रंगच. पोलादाचा स्वतःचा वर्ण बघायचा असेल, तर ते उघडं असायला हवं, रोज कामात असायला हवं आणि रोज कुणाचा तरी हात त्यावरून फिरायला हवा. या तिन्ही गोष्टी एकत्र सापडतात ती जागा म्हणजे नीट राखलेलं वेल्डिंगचं टेबल. नगरच्या नागापूर एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये असं एक टेबल आहे. या लेखात त्याच्या माथ्याबद्दलच लिहायचं आहे.

आधी त्याची बांधणी. आठ बाय चार फुटांची, 12 मिलिमीटर जाडीची माइल्ड स्टीलची प्लेट. पोलादाचं वजन घनमीटरला 7,850 किलो धरलं, तर नुसती प्लेटच 280 किलोची होते. खाली सी-चॅनेलचे पाय, प्रत्येक पायाला लेव्हलिंगचा बोल्ट. पाय आणि प्लेटची खालची बाजू रेड ऑक्साइड मारून वर राखाडी ऑइल पेंटने रंगवलेली. रेड ऑक्साइडची लाली लोखंडाच्याच ऑक्साइडची असते. म्हणजे लोखंडाला खाणाऱ्या गंजाचाच एक सगोत्र इथे लोखंडाची राखण करतो. माथ्यावर मात्र प्रायमर नाही, पेंट नाही, जस्ताचा मुलामाही नाही.

हे उघडेपण हौसेचं नाही. वेल्डिंगचा करंट रॉडमधून कामात उतरतो, कामातून टेबलात आणि टेबलातून अर्थिंगच्या क्लॅम्पमार्गे मशीनकडे परततो. मध्ये रंगाचा थर आला की वाट अडते. काम आणि टेबल यांच्यामध्येच ठिणगी पडते आणि दोन्ही ठिकाणी डाग जळतात. वर रंग जळून धूर होतो तो वेगळाच. जस्त चढवलं तर त्याच्या वाफेने कारागिराला थंडी वाजून ताप भरतो. गंजाचा थरही करंटला अडवतोच. शिवाय गंजात पाणी बांधलेलं असतं; आर्कच्या उष्णतेने ते सुटतं, त्यातला हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो आणि जोडात बारीक छिद्रं पडतात. 7018 चा, म्हणजे कमी हायड्रोजनचा, वेल्डिंग रॉड ओव्हनमध्ये तापवून कोरडा ठेवायचा आणि मग गंजलेल्या, ओलसर पोलादावर चालवायचा, तर तो कोरडेपणा फुकट जातो. तेव्हा या माथ्यावर रंग चालत नाही आणि गंजही चालत नाही. एवढ्या अरुंद जागेत त्याला आपलं रूप सांभाळायचं आहे, आणि त्याचं सगळं सौंदर्य या अडचणीतूनच आलं आहे.

आता कांती बघू. सकाळी शटर वर गेलं की पूर्वेचा प्रकाश प्लेटवर तिरका पडतो. टेबल बघायची वेळ हीच. लांबून ते एकरंगी करडं दिसतं, जवळ गेल्यावर त्यात निदान चार रंग निघतात. कडेकडेला निळसर काळा, गुळगुळीत पट्टा आहे. ती मिल स्केल, म्हणजे रोलिंग मिलमध्ये तापलेल्या पत्र्यावर हवेने धरलेली ऑक्साइडची खपली. मधल्या भागात ती कधीच निघून गेली आहे आणि खालचं पोलाद रुपेरी करड्या तेजाने उघडं पडलं आहे. हे तेज पॉलिशचं नाही. अँगल, चौकोनी पाइप, पट्ट्या हजारदा सरकवल्यामुळे ते आलं आहे. जिथे काम जास्त झालं तिथे ते जास्त. दुकानाच्या वहिवाटीचा नकाशाच तो. मालक उभा राहतो ती बाजू कोणती आणि गुण्या लावून काटकोन जुळवतात तो कोपरा कोणता, हे कुणाला विचारावं लागत नाही.

मधूनमधून वर्तुळं दिसतात. आत निळं, त्याबाहेर जांभळं, मग तपकिरी आणि शेवटी फिकं पिवळं. ही आचेची अक्षरं आहेत. उघडं पोलाद 220 अंशांच्या आसपास तापलं की पिवळसर होतं, 260-280 ला तपकिरी-जांभळं, 300 च्या जवळ निळं. हा रंग कशाचा डाग नव्हे. ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा धरतो आणि त्याच्या जाडीप्रमाणे प्रकाशाचा रंग बदलतो. निळ्या ठिपक्यापासून पिवळ्या कडेपर्यंतचं अंतर बघून कारागीर आर्कवर किती रेंगाळला ते कळतं. इथली वर्तुळं लहान आहेत. टॅक, म्हणजे काम जागेवर धरणारा छोटा टाका, मारून हात लगेच उचललेला आहे.

मी या टेबलाला मानतो ते मात्र त्यावर जे दिसत नाही त्यासाठी. गंज वाचता येतो, आणि बहुतेक दुकानांत तो भरपूर वाचायला मिळतो. पाच बोटांचा तांबूस ठसा म्हणजे घामेजल्या हाताने प्लेट धरली आणि घामातल्या मिठाने रात्रीतून काम केलं. गोल कडं म्हणजे चहाचा ग्लास. सरळ, धारदार काठांचा पट्टा म्हणजे रात्रभर पडून राहिलेला अँगल. त्याच्याखाली ओल कोंडली, तिला वाळायला हवा मिळाली नाही. अख्ख्या प्लेटवर सारखा पसरलेला नारिंगी पडदा म्हणजे दव. आणि ठिपक्याठिपक्यांनी खोल गेलेला गंज असेल तर आपल्या जिल्ह्यात बहुधा एकच कारण निघतं: दुरुस्तीला आलेल्या ट्रॉलीतून सांडलेलं खत. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. त्याचा कण हवेतली ओल ओढून घेतो आणि त्यातलं क्लोराइड पोलादात खड्डा पाडतं. या टेबलावर ही पाचही प्रकरणं मी शोधली. एका कोपऱ्यात पुसट झालेला ठसा सोडला तर काही मिळालं नाही.

नगरसारख्या कोरड्या मुलखात याचं काय कौतुक, असं कुणी म्हणेल. जिल्ह्याच्या पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीला पाऊस कोसळतो, पण नगर शहर पर्जन्यछायेत. वर्षाकाठी 500 ते 600 मिलिमीटर. तरी पोलादाला पाऊस लागतोच असं नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग वाढायला लागतो. सप्टेंबरचा परतीचा पाऊस ही आर्द्रता घेऊन येतो. डिसेंबर-जानेवारीत दुसरी अडचण येते. नगरची थंडी रात्री पारा दहाच्या खाली नेते. जाड प्लेट ती थंडी सकाळपर्यंत धरून ठेवते, आणि शटर उघडल्यावर बाहेरची ओलसर हवा त्या थंड पोलादाला लागली की त्यावर दव धरतं. राहाता, श्रीरामपूर, कोपरगावच्या कालव्याखालच्या उसाच्या पट्ट्यात तर हे जास्तच. 1950-51 च्या हंगामात प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याने गाळप सुरू केलं, मग जिल्हाभर कारखाने उभे राहिले, आणि उसाच्या गाड्या-ट्रॉल्यांमुळे वेल्डिंगच्या दुकानांना काम मिळालं. ज्या पाण्याने ही दुकानं जगवली तेच पाणी त्यांच्या टेबलांवर दव होऊन उतरतं.

मग हे टेबल टिकलं कसं? त्याचं उत्तर दुकान बंद होतानाच्या दहा मिनिटांत आहे. ती मी लक्ष देऊन बघितली आहेत. आधी टेबलावरचं सगळं खाली उतरतं. रात्री त्यावर काही ठेवायचं नाही हा नियम. मग जुन्या कमानपाट्याला धार लावून केलेली खरवडणी प्लेटवर जवळजवळ आडवी धरून, लांब ओढीने फिरवतात. वेल्डिंगचे गोठलेले छर्रे टकटक निघतात. ग्राइंडरला इथे मज्जाव आहे, आणि त्यातच दुकानाची समज दिसते. ग्राइंडरने छर्रा जातो, पण जागेवर खळगा राहतो आणि चाकाच्या ओरखड्यांत ओल धरते. खळग्याइतकाच वाईट न काढलेला छर्रा. एका फुटावर 1 मिलिमीटर उचललं गेलेलं काम दहा फुटांवर 10 मिलिमीटर चुकतं, आणि उसाच्या ट्रॉलीची चासी तिरकी निघते.

खरवडून झालं की कुंचा, मग कोरडं फडकं, मग मशीन ऑइलचे मोजके थेंब घेतलेलं दुसरं फडकं, आणि शेवटी पुन्हा कोरडं. तेल लावायचं आणि जवळजवळ सगळं पुसून काढायचं. मागे राहतो तो डोळ्यांना न दिसणारा थर. घरातला लोखंडी तवा ज्यांनी राखला आहे त्यांना हा हिशेब सांगायला नको. सकाळी काम लावण्याआधी ती जागा पुन्हा पुसतात, कारण तेलही आर्कखाली धूर आणि हायड्रोजन सोडतं. दुकान चार-आठ दिवस बंद राहणार असेल तर तेलाऐवजी फर्निचरचं मेण, कारण ते उडत नाही आणि धूळ कमी धरतं. वर ताडपत्री कधीच नाही, तिच्याखाली वाफ कोंडते. गोणपाट तर त्याहून वाईट, ते ओल पिऊन बसतं. टाकायचंच तर सुती कापड, तेही सैल.

बाकी ठिकाणी चालतं ते इथे चालत नाही, हेही सांगायला हवं. आपल्याकडे सर्रास जळकं ऑइल फासतात. फुकट मिळतं, म्हणून. त्यात इंजिनातलं आम्ल, काजळी आणि पाणी असतं. पोलादाला त्याने धोका आणि रोज हात माखणाऱ्याच्या कातडीलाही. जवसाचं उकळलेलं तेल चांगला थर धरतं, पण त्याचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकलं तर ते आपोआप तापून पेटू शकतं. पसरून वाळवावं लागतं. आणि क्लोरीन असलेल्या क्लीनरने टेबल पुसून लगेच आर्क मारणं जिवावरचं आहे. त्या वाफेवर आर्कचा प्रकाश पडला की फॉस्जीनसारखा विषारी वायू होतो. गंजलेले क्लॅम्प आणि शिकंजे हे दुकान मळीच्या पाण्यात बुडवून ठेवतं, एक भाग मळी, नऊ भाग पाणी. आठवडा-पंधरवड्यात गंज सुटून येतो, धुऊन-वाळवून लगेच तेल. साखरेच्या जिल्ह्याला शोभेल असाच हा उपाय.

वर्षातून एकदा, खंडेनवमीला, बोल्ट फिरवून टेबल पुन्हा पाणसळीत आणतात, पायांचा उडालेला रंग भरतात आणि पूजा करतात. झेंडूची माळ पायाला बांधतात, माथ्यावर ठेवत नाहीत. ओल्या फुलांखाली रात्रीतून तांबेरा धरतो हे त्यांना ठाऊक आहे. त्यांच्या भक्तीत धातूची ही जाण मिसळलेली आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

या टेबलाची थोरवी नीट तोलायची असेल तर नगरच्याच दोन धातुकामांशेजारी ते ठेवून बघावं. 1549 साली मुहम्मद बिन हुसेन रूमी याने या शहरात 'मलिक-ए-मैदान' ही तोफ ओतली. आज ती विजापूरच्या बुरुजावर उन्हापावसात आहे आणि तिचा पृष्ठभाग शाबूत आहे. कारण ती कांशाची. तांब्या-कथलाच्या मिश्रधातूवर धरणारा थर घट्ट चिकटतो आणि आतल्या धातूला झाकतो. लोखंडाचा गंज तसा नाही. तो फुगतो, सुटतो, भेगाळतो आणि पाण्याला आत वाट देतो. लोखंडाला जन्मजात कवच नाही. दुसरं उदाहरण नगरच्याच रणगाडा संग्रहालयाचं. तिथले सेंच्युरियन, व्हॅलेंटाइन, 1965 च्या युद्धात हाती लागलेला पॅटन, सगळे उघड्यावर उभे आहेत आणि रंगाच्या जोरावर टिकून आहेत. त्यांचं काम संपलेलं आहे, म्हणून त्यांना रंग पुरतो.

टेबलाला तोफेचं नशीब नाही आणि रणगाड्याची निवृत्तीही नाही. धातू त्याला वाचवत नाही, रंग त्याच्या कामात अडसर. त्याला वाचवणारी गोष्ट एकच: रोज संध्याकाळी फिरणारा हात. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी ते दिसतं. म्हणून त्याची कांती हा कोणा एका दिवसाचा पराक्रम नाही, ती एक सवय आहे आणि डोळ्यांना दिसणारी आहे. ट्रॉलीवर रंग चढला की जोड झाकले जातात. टेबलावर काही झाकता येत नाही. ज्या दुकानाचं टेबल सपाट, कोरडं आणि उजळ आहे त्याचे जोड मी न तपासता पत्करीन, हा माझा निवाडा.

आयटीआयमधल्या वेल्डरच्या अभ्यासक्रमाला मोजून एक वर्ष मिळतं. शिकवणाऱ्यांना आणि दुकानदारांना माझी विनंती एवढीच: नव्या मुलाच्या हातात होल्डर द्यायच्या आधी खरवडणी आणि फडकं द्या, आणि दिवसाची शेवटची दहा मिनिटं टेबलासाठी राखून ठेवा.