'ख्रिस्तपुराण' आणि आजचे मिशनकार्य

'मिशन' हा शब्द उच्चारला की आमच्या धर्मग्रामांतील श्रद्धावंतांपुढे साधारणतः दोन चित्रे उभी राहतात. एक, ऑक्टोबरातील मिशन रविवारी फिरणारी दानाची थैली. दुसरे, दूरच्या आदिवासी पाड्यावर दवाखाना चालविणाऱ्या धर्मभगिनींचे. दोन्ही चित्रे आदरणीय आहेत. परंतु दोहोंतही मिशनकार्य दुसऱ्या कुणीतरी, दुसरीकडे कुठेतरी करावयाचे असते. चर्चच्या आवाराबाहेर मात्र याच शब्दाचा अर्थ 'बाटवाबाटवी' असा घेतला जातो. या दोन समजुतींच्या मधे ख्रिस्तसभेला अभिप्रेत असलेला अर्थ हरवून जातो. तो शोधण्यासाठी आम्ही येथे एका मराठी ग्रंथाकडे वळत आहोत. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' भाषावैभवासाठी पुष्कळदा वाखाणले गेले आहे. मिशनकार्य म्हणून त्याची पारख करणेही तितकेच अगत्याचे आहे.

इंग्लंडात १५४९ साली जन्मलेले हे येशूसंघीय धर्मगुरू १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास आले आणि १६१९ मध्ये तेथेच निवर्तले. त्यांच्या सेवेचा बहुतेक काळ गोव्यातील साष्टी प्रांतात गेला. मुर्धा, राई, मोर्वा ही आमची गावेही साष्टीचीच, पण ती उत्तरेची साष्टी. नाव एक, प्रदेश दोन. मात्र त्या काळी दोन्हीकडे राज्य पोर्तुगीजांचे होते, आणि दोन्हीकडच्या नवख्रिस्ती कुटुंबांपुढे नवी श्रद्धा जुन्या बोलीत कशी रुजवावी हाच प्रश्न होता. 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. पहिल्या पुराणाच्या ३६ अवस्वरांत जुन्या कराराची कथा आहे, दुसऱ्याच्या ५९ अवस्वरांत प्रभू येशूचे चरित्र. एकूण ओव्या अकरा हजारांच्या आसपास भरतात. रविवारी व सणांच्या दिवशी चर्चमध्ये त्याचे वाचन होत असे.

ग्रंथाच्या आरंभीच एक मागणी येते. धर्मशिक्षण घेणारा एक श्रोता म्हणतो की आमची जुनी पुराणे गेली, तर त्यांच्या जागी वाचावयास आम्हांस काही द्यावे. आमच्या मते या ग्रंथाचे मर्म येथे आहे. उपदेशकाने काय सांगावयाचे ठरविले होते, येथून हा ग्रंथ सुरू होत नाही. ऐकणाऱ्याला कशाची भूक होती, येथून तो सुरू होतो. प्रश्नोत्तरे पाठ करून श्रद्धेची रूपरेषा कळते. तिच्यात राहावयाचे तर कथा लागते. स्टीफन्स यांनी एखादा पोर्तुगीज ग्रंथ भाषांतरित करून पुढे केला नाही. ज्ञानेश्वर-एकनाथांनी घडविलेली ओवी त्यांनी घेतली. स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा श्रोत्यांच्या ओठांवरचा शब्द घेतला. मधूनमधून श्रोते शंका विचारतात आणि पाद्री उत्तरे देतात, अशी रचना त्यांनी स्वीकारली. शंका विचारण्याची मुभा देणारा उपदेश हा निराळ्या जातीचा उपदेश असतो.

परंतु समीक्षेने केवळ आरती ओवाळू नये. या ग्रंथात हिंदूंच्या दैवतांवर टीका करणारे भागही आहेत. तेथे ओवीचा ओलावा आटतो, कारण तेथे कवी सांगत नसून खंडन करीत असतो. जेथे तो मरियेचे, बाळयेशूचे आणि क्रुसाचे आख्यान लावतो, तेथे त्याच ओवीला पाझर फुटतो. याहूनही गंभीर गोष्ट अशी की श्रोत्यांची जुनी पुराणे सर्वस्वी त्यांच्या खुशीने गेलेली नव्हती. गोव्यात १५६० पासून धर्मन्यायपीठ, म्हणजे इन्क्विझिशन, बसले होते; १५६६-६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडली गेली होती. आरंभीच्या त्या मागणीमागे हे दुःख उभे आहे, आणि ग्रंथ त्याविषयी मूक आहे. पुढे १६८४ मध्ये तर व्हाइसरॉयने लोकांची बोलीच सोडावयास लावणारा हुकूम काढला. एकाच राजवटीच्या छायेत एक धर्मगुरू ऐकणाऱ्याची भाषा चाळीस वर्षे शिकत राहिला आणि सत्तेने तीच भाषा तोडू पाहिली. यांपैकी मिशनकार्य कशाला म्हणावे?

ख्रिस्तसभेने याचे उत्तर एकाच दिवशी दोन दस्तऐवजांतून दिले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा मिशनकार्याविषयीचा आदेश आणि धर्मस्वातंत्र्याविषयीची घोषणा, ही दोन्ही ७ डिसेंबर १९६५ रोजी प्रसिद्ध झाली. पहिल्याने सांगितले की ख्रिस्तसभा स्वभावतःच मिशनरी आहे, कारण पित्याने पुत्राला आणि पवित्र आत्म्याला पाठविले, त्या पाठवणीतच तिचा उगम आहे. त्याच आदेशाने बळजबरीला आणि आमिषालाही मनाई केली. दुसऱ्याने सांगितले की श्रद्धेचे उत्तर मुक्त मनानेच देता येते. परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी १९९० च्या विश्वपत्रात हेच सूत्र पुढे नेले: ख्रिस्तसभा सुवार्ता पुढे ठेवते, लादत नाही. आमच्या राज्यघटनेचा २५ वा अनुच्छेद धर्मप्रसाराचा हक्क देतो. त्यात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. त्या निर्णयाविषयी विचारवंतांत मतभेद आहेत. परंतु कॅथलिक श्रद्धेच्या दृष्टीनेही कुणी कुणाचे मनपरिवर्तन 'करीत' नसतो. ते काम देवाचे आणि त्या व्यक्तीच्या सदसद्विवेकाचे. आमचे काम साक्ष देण्याचे.

ही साक्ष आजच्या महाराष्ट्रात कशी दिसते, याचे उदाहरण खाडीपलीकडच्या वसईनेच दिले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत म्हणून विरोधाचे सूर उमटले. तरीही जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, ते मराठी वाचकांसमोर अध्यक्ष म्हणून उभे राहिले. जुलै २०२४ मध्ये ते निवर्तले. मराठी माणसाने त्यांना आपले मानले, ते त्यांनी मराठीवर आणि या मातीवर आयुष्यभर केलेल्या प्रेमामुळे. स्टीफन्स यांच्या वाटेवरचाच हा प्रवास. फक्त येथे पाठीशी कोणतेही राज्य नव्हते.

आता आमच्या अंगणाकडे पाहू. मुर्ध्याच्या शेतांना आणि मिठागरांना लागून भाईंदरचे शहर वाढले आहे. जैन, हिंदू, मुसलमान, नाना प्रांतांतून आलेली कुटुंबे आमची शेजारी झाली आहेत. मिशन क्षेत्र दूरच्या पाड्यावर आहे तसे ते जिन्यासमोरच्या दारातही आहे. अशा वेळी आमची मुले धर्मशिक्षण इंग्रजीत घेतात आणि आजीची बोली घरातल्या घरात मागे पडत चालली आहे. इंग्रजी शिकण्यात दोष नाही. परंतु गुड फ्रायडेला चर्चची घंटा का वाजत नाही, असे शेजारच्या बाईंनी मराठीत विचारले, तर उत्तर देण्यापुरती मराठी आमच्या मुलांपाशी उरेल काय? हा प्रश्न अस्मितेचा आहे, त्याहून अधिक तो प्रेषितकार्याचा आहे. शेजाऱ्याच्या भाषेत ज्याला आपल्या प्रभूविषयी दोन वाक्ये बोलता येत नाहीत, त्याने मिशन रविवारी थैलीत कितीही टाकले तरी कामाचा अर्धा भाग उरतोच.

म्हणून वाचकांना आमची एक विनंती आहे. 'ख्रिस्तपुराण' आज दुर्बोध राहिलेले नाही. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये ते देवनागरीत आणले, आणि २००९ मध्ये फादर नेल्सन फाल्काव यांनी आधुनिक मराठी अनुवादासह ते सिद्ध केले. येत्या उपवासकाळात दर शुक्रवारी प्रभूच्या दुःखसहनाचा थोडा भाग घरी वाचावा. मग पुस्तक मिटून तीच कथा घरातल्या कुणीतरी आपल्या बोलीत सांगावी आणि लहानांना शंका विचारू द्याव्यात. घरात हे जमू लागले की शेजाऱ्याच्या प्रश्नालाही उत्तर सापडेल.