आपटे, शांता
आपटे, शांता : (१९१६–२४ फेब्रुवारी १९६४). मराठी व हिंदी बोलपटांच्या आरंभकाळातील श्रेष्ठ अभिनेत्री व गायिका. जन्म सोलापूर–वाडी लोहमार्गावरील दुधनी (सोलापूर जिल्हा) या गावी. भालजी पेंढारकर दिग्दर्शित श्यामसुंदर (१९३२) या चित्रपटातून त्यांचा पडद्यावर प्रवेश झाला. पुढे ‘प्रभात’ कंपनीच्या अमृतमंथन (१९३४) या व्ही. शांतारामांच्या चित्रपटाने त्यांना कीर्ती मिळाली. अमरज्योती (१९३६) आणि गोपाळकृष्ण (१९३८) हे त्यांचे ‘प्रभात’मधील अन्य उल्लेखनीय चित्रपट होत.

तत्कालीन बोलपटांत गाणे म्हणजे कथानकाला पडलेला विराम असे. नटनटी कॅमेऱ्यासमोर स्थिर उभे राहून ते म्हणत. शांताबाईंनी ही रीत मोडली. डोळे, मान व हात यांच्या सहज हालचालींनी त्यांचे गाणे संवादाइतकेच अभिनयाचा भाग बनले. याबाबतीत संगीतकार केशवराव भोळे यांचाही वाटा मोठा आहे.

कुंकू (१९३७, हिंदी आवृत्ती दुनिया न माने) ही त्यांची सर्वोत्तम भूमिका. ना. ह. आपटे यांच्या न पटणारी गोष्ट या कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला आहे. फसवणुकीने वृद्ध विधुर वकिलाशी विवाह लावून दिलेली नीरा त्याला पती मानण्यास नकार देते. ही भूमिका करुणरसात बुडवणे सोपे होते. शांताबाईंची नीरा मात्र रडते कमी आणि भांडते अधिक; तिच्या संतापात खोडकरपणाही मिसळलेला आहे, म्हणूनच ती प्रचारकी वाटत नाही. सावत्र मुलाला छडीने धडा शिकविण्याचा प्रसंग प्रेक्षकांच्या विशेष स्मरणात राहिला. या चित्रपटात पार्श्वसंगीत न वापरता प्रसंगातील वस्तूंचेच ध्वनी योजिले होते. लाँगफेलोची इंग्रजी कविताही त्या यात गायल्या. काकासाहेबांच्या भूमिकेतील केशवराव दाते यांचा संयत अभिनय समोर नसता, तर नीरेचा आवेश कदाचित एकसुरी झाला असता. शेवटी मात्र कथानक पतीच्या आत्मबलिदानाकडे वळते आणि नीरेने उपस्थित केलेला प्रश्न काहीसा अनुत्तरित राहतो. हा दोष अभिनेत्रीचा नव्हे.

पडद्यावरचा हा करारीपणा त्यांच्या व्यावसायिक आयुष्यातही दिसला. १९३९ मध्ये कंपनीशी झालेल्या वादातून त्यांनी पुण्यात ‘प्रभात’च्या फाटकापाशी उपोषण केले. त्या काळी कलावंत मासिक वेतनावर व कराराने बांधलेले असत. प्रख्यात नटीने असा उघड निषेध करणे अपूर्वच होते. वृत्तपत्रांनी त्याकडे बव्हंशी कुतूहलाचा विषय म्हणून पाहिले. त्यांच्या जाऊ मी सिनेमात? (१९४०) या पुस्तकावरून मात्र त्यामागील विचार ध्यानात येतो. चित्रपटसृष्टीत येऊ इच्छिणाऱ्या तरुणतरुणींसाठी लिहिलेल्या या पुस्तकात त्यांनी तारकावैभवाचे वर्णन न करता, भांडवलावर चालणारा एक उद्योग आणि त्यात राबणारे श्रमिक या दृष्टीने चित्रपटाचा विचार केला आहे. मराठी नटीने लिहिलेले असे विवेचन त्यापूर्वी क्वचितच आढळते. दीर्घकाळ उपेक्षित राहिलेल्या या पुस्तकाची चित्रपट-अभ्यासकांनी अलीकडे पुन्हा दखल घेतली आहे.

‘प्रभात’ सोडल्यावर त्यांनी सावित्री (१९४१) या तमिळ चित्रपटात नायिकेची भूमिका केली. त्यात नारद झाल्या होत्या एम्. एस्. सुब्बुलक्ष्मी. लाहोरला पांचोलींच्या जमीनदार (१९४२) मध्ये आणि मास्टर विनायकांच्या सुभद्रा (१९४६) मध्येही त्या चमकल्या. परंतु नीरेच्या तोडीची भूमिका त्यांना पुन्हा लाभली नाही. पार्श्वगायनाची पद्धत रूढ झाल्यावर गाणाऱ्या नटीची गरजही ओसरू लागली. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.