काळोख्या दरीतील ‘तू’ : मेंढपाळाची प्रतिमा आणि सांत्वनाचे स्वरूप

प्रस्तुत लेखात ‘देव हा मेंढपाळ’ या बायबलमधील प्रतिमेतून श्रद्धावानाला लाभणाऱ्या सांत्वनाचे स्वरूप तपासावयाचे आहे. या प्रतिमेचा सर्वपरिचित आविष्कार म्हणजे स्तोत्रसंहितेतील २३ वे स्तोत्र होय. आजारपणात, मृत्युशय्येपाशी, दफनविधीच्या प्रसंगी ते ख्रिस्ती समाजात आवर्जून म्हटले जाते. असे असूनही हिरव्या कुरणांचे आणि संथ पाण्याचे रम्य चित्र एवढ्यापुरतेच त्याचे स्मरण पुष्कळदा राहते. भिंतीवरच्या दिनदर्शिकांनी या समजास बराच हातभार लावला आहे.

अवघ्या ६ वचनांच्या या स्तोत्रातील सर्वनामे लक्षपूर्वक पाहिली पाहिजेत. पहिल्या तीन वचनांत भक्त देवाविषयी बोलतो. तेथे देव ‘तो’ आहे. तो कुरणात विसावा देतो, पाण्यापाशी नेतो, योग्य वाटेने चालवितो. चौथ्या वचनात ही वाट गडद अंधाराच्या दरीत उतरते आणि नेमक्या त्याच ठिकाणी ‘तो’चा ‘तू’ होतो. सुखाच्या कुरणात ज्याच्याविषयी बोलणे चालले होते, त्याच्याशी भक्त आता थेट बोलू लागतो. दरी टळलेली नाही, अंधारही निवळलेला नाही. कमी झाले आहे ते दोघांमधील अंतर. पाचव्या वचनात मेंढपाळ यजमान होतो आणि पान वाढतो तेही शत्रूंच्या देखत. म्हणजे शत्रूही कोठे गेलेले नाहीत. शेवटच्या वचनात कृपा भक्ताच्या मागे येते. तेथील मूळ हिब्रू क्रियापद एरवी बहुधा शत्रूच्या पाठलागासाठी येते, ही बाब भाषांतरात सहसा हरवते. पाठलागाची सवय असलेल्या माणसालाच या शब्दाचे मोल कळावे.

या प्रतिमेवर एक आक्षेप संभवतो आणि मराठी वाचकाच्या दृष्टीने तो गंभीर आहे. वर्गात हे स्तोत्र समजावून सांगताना ‘मेंढरू’ या शब्दापाशी विद्यार्थी हमखास अडखळतात. आपल्या भाषेत मेंढरू म्हणजे स्वतःची बुद्धी नसलेला, खाली मान घालून मागे जाणारा माणूस. अशा भूमिकेत शिरून मिळणारे सांत्वन आत्मसन्मानाची किंमत घेत नाही काय?

या आक्षेपाचे उत्तर प्रतिमेच्या इतिहासात सापडते. प्राचीन पश्चिम आशियात राजे स्वतःस मेंढपाळ म्हणवीत. हम्मुराबीच्या शिलालेखातही ही उपाधी आढळते. इ.स.पू. सहाव्या शतकात बाबेलच्या बंदिवासात असलेल्या यहेज्केलाने हाच शब्द राज्यकर्त्यांवर उलटविला. त्याच्या ग्रंथातील ३४ व्या अध्यायात कळप सोडून स्वतःचेच पोट भरणाऱ्या मेंढपाळांवर कठोर आरोप असून देव कळप त्यांच्या हातून काढून घेतो. म्हणजेच येथे मेंढरू होणे हे सत्तेपुढे मान तुकविण्याचे लक्षण ठरत नाही. त्यात सत्तेविरुद्धची तक्रारही सामावलेली आहे. योहानाच्या शुभवर्तमानातील १० व्या अध्यायात लांडगा दिसताच पळणारा मोलकरी आणि प्राण देणारा मेंढपाळ यांतील भेद याच परंपरेतून येतो.

मराठी भक्तिकाव्याने सांत्वनासाठी मुख्यतः ‘माउली’ची प्रतिमा निवडली. तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्तापर्यंत पोहोचलो असे मानणाऱ्या नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्तालाही माउली म्हणून संबोधिले. ही निवड स्वाभाविकच होती, कारण माउलीला स्पष्टीकरण लागत नाही. तथापि या दोन प्रतिमांमध्ये एक भेद उरतो, असे मला वाटते. आईचे नाते जन्माचे असते, तर मेंढपाळाचे नाते चालण्याच्या श्रमातून, रात्रीच्या राखणीतून घडते. पावसाळ्यानंतर कळप घेऊन घाटमाथ्यावरून कोकणात उतरणारा धनगर वाटेत जन्मलेले कोकरू उचलून घेतो, त्याला अजून चालता येत नाही म्हणून. यशया ग्रंथाचा ४० वा अध्याय सांत्वनाच्या हाकेनेच सुरू होतो आणि त्याच्या ११ व्या वचनात दोन्ही प्रतिमा अगदी शेजारी येतात. तेथे मेंढपाळ कोकरांना उराशी धरतो आणि पाजत्या मेंढ्यांना त्यांच्या चालीने, जपून नेतो.