दुर्बोध इंग्रजी शब्द आणि ‘हॉब्सन-जॉब्सन’

स्पर्धा परीक्षांसाठी दुर्बोध इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करण्याची रीत नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्यांत रूढ आहे. एका शब्दापुढे एक प्रतिशब्द, एवढेच त्यांचे स्वरूप. ‘पर्स्पिकेशस’ म्हणजे मर्मज्ञ व ‘पर्स्पिक्युअस’ म्हणजे सुबोध; हा भेद अशा यादीत टिकत नाही. शब्द कोणासाठी दुर्बोध, हा प्रश्न तर उपस्थितच होत नाही.

हेन्री यूल व ए. सी. बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा १८८६ चा कोश त्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. इंग्रज वाचकास अपरिचित ‘सिलादार’ म्हणजे स्वतःच्या घोड्यानिशी चाकरीस येणारा शिलेदार. घोडा दुसऱ्याचा असेल तो बारगीर. ‘बँडिकूट’ म्हणजे घूस. मूळ तेलुगू ‘पंदिकोक्कु’, अर्थात डुक्कर-उंदीर. देगलूर-बिलोलीकडील तेलुगूभाषक विद्यार्थ्यास ही फोड समजावण्याची गरज नाही. ‘मंगूज’ मात्र या कोशाने तेलुगूच्या पदरात टाकला; पुढील ऑक्सफर्ड कोशांनी तो मराठी ‘मुंगूस’पासून आल्याचे नोंदवले. (सीमाभागात हा वाद सहज मिटला असता.)

कोशाच्या शीर्षकाविषयी असे सौम्य राहता येत नाही. मोहरममधील ‘या हसन, या हुसैन’ हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या तोंडी विकृत झाला आणि तोच अपभ्रंश मुखपृष्ठावर विराजमान झाला. मराठवाड्यातील अनेक गावांत मोहरमच्या सवारीत हिंदूही सहभागी होत आले आहेत; तेथे हा विनोद बोचतो. परका शब्द स्वभाषेच्या ध्वनींत बसवण्याच्या प्रक्रियेस भाषाशास्त्रात पुढे याच कोशाचे नाव मिळाले. शोकाचा मूळ उद्गार त्या नावातून ऐकू येत नाही.