‘विथ’नंतरचे क्रियापदरहित उपवाक्य

इंग्रजी शब्दयोगी अव्ययापुढे नाम किंवा सर्वनाम यावयाचे, हा नियम आपल्या मनात इतका रुजलेला असतो की, त्याला न जुमानणारी रचना समोर आली तरी ती सहसा ध्यानात येत नाही. पुढील वाक्य पाहावे : ‘विथ हर फादर अवे, शी रॅन द शॉप.’ वडील परगावी आणि दुकान तिने चालविलेले, अशी ही स्थिती. येथे ‘विथ’चा संबंध केवळ ‘हर फादर’ या नामाशी जोडला, तर ती वडिलांसह होती असा नेमका उलट अर्थ निघेल. ‘विथ’चा संबंध वडिलांशी नसून ‘वडील परगावी’ या संपूर्ण विधानाशी आहे. त्यात उद्देश्य आहे, विधेयही आहे. क्रियापद तेवढे नाही.

मग हे क्रियापद अध्याहृत मानावे काय? ‘बीइंग’ घालता येते हे खरे. परंतु ‘वॉज’ घालताच रचना मोडते, आणि ‘विथ हिज हँड्स इन हिज पॉकेट्स’ यात ‘बीइंग’ही ओढूनताणूनच बसते. तेव्हा हा क्रियापदाचा लोप नसून अभाव होय. डॅनिश व्याकरणकार ऑटो येस्पर्सन यांनी १९२४ मध्येच अशा रचनेला ‘नेक्सस’ या आपल्या संकल्पनेत स्थान दिले होते.

खरा वाद आहे तो ‘विथ’च्या जातीविषयी. क्वर्क व त्यांचे सहकारी यांच्या १९८५ च्या बृहद्व्याकरणात या ठिकाणी ‘विथ’ उभयान्वयी ठरते. हडल्स्टन व पुलम यांच्या २००२ च्या केंब्रिज व्याकरणात ते शब्दयोगीच राहते; मात्र त्याला उपवाक्याचीही पूर्ती घेता येते. दुसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. ‘नो’ हे क्रियापद कधी नाम घेते, कधी उपवाक्य. म्हणून त्याच्या दोन जाती कोणी मानीत नाही. मग पूर्ती बदलली एवढ्यावरून ‘विथ’ची जात का बदलावी? या भूमिकेची किंमत मात्र ओळखली पाहिजे : ‘व्हाइल इन लंडन’मधील ‘व्हाइल’ही मग शब्दयोगी ठरते आणि शालेय वर्गीकरण पुन्हा मांडावे लागते.

रचना ओळखण्यास सर्वनामाची कसोटी उपयोगी पडते. ‘विथ द मॅन इन द गार्डन’ याचे ‘बागेतल्या माणसाबरोबर’ आणि ‘माणूस बागेत असताना’ असे दोन्ही अर्थ संभवतात. ‘विथ हिम इन द गार्डन’ म्हटले की ‘इन द गार्डन’ हे नामाचे विशेषण राहू शकत नाही. पहिला अर्थ मावळतो.

मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने यात केवळ पारिभाषिक काथ्याकूट नाही. मराठीत ‘असताना’, ‘असल्यामुळे’, ‘असूनही’ यांपैकी एक रूप निवडावे लागते. काल, कारण की विरोध, हे तेथेच ठरते. इंग्रजी ‘विथ’ हे ठरवीत नाही. त्यामुळे अनुवादक जेव्हा ‘वडील परगावी असल्यामुळे’ असे लिहितो, तेव्हा मुळात न केलेले एक विधान तो लेखकाच्या पदरी बांधतो. असे करणे पुष्कळदा अटळ असते. परंतु ते अजाणता होता कामा नये, आणि त्यासाठी ‘विथ’पुढे केवळ नाम नसून वाक्यार्थ उभा आहे, हे आधी दिसले पाहिजे.