अठ्ठ्याहत्तर मिलिमीटर

बुलढाण्यात बोल्टची रायफल म्हटलं की जुन्या माणसांना एकच आठवते, पोलिसाच्या खांद्यावरची थ्री-नॉट-थ्री. तिचा बोल्ट मागे ओढल्याचा खटका, तिचा झटका, तिचं वजन, यांवर पुष्कळ बोललं जातं. तिच्या काडतुसाकडे मात्र क्वचितच कुणी निवांत पाहिलं असेल. बुडापासून टोकापर्यंत साधारण ७८ मिलिमीटर, त्यात पितळी पुंगळी सव्वाछप्पन्नच्या पुढे. बुडावर ‘केएफ’ असा ठसा असेल तर ते खडकीचं. तिथला दारूगोळा कारखाना १८६९चा.

पुंगळीतून बाहेर दिसते तेवढीच गोळी नसते. या काडतुसाच्या १९१०च्या ‘मार्क सात’ नमुन्याची गोळी जवळपास ३२ मिलिमीटर लांब, म्हणजे दहाएक मिलिमीटर आत बुडालेली. एवढ्या लांबीची गोळी भरीव शिशाची केली असती तर ती जड झाली असती. म्हणून धातूच्या कवचात मागे शिसं आणि पुढच्या तिसऱ्या हिश्श्यात हलकं ॲल्युमिनियम. वजन १७४ ग्रेनवर राहिलं, नाक निमुळतं झालं आणि भार मागे सरकला. बाहेरून यातलं काहीच कळत नाही. लांबी हवी पण वजन नको, हा पेच इतक्या शांतपणे सोडवलेला मी दुसरीकडे फारसा पाहिला नाही.

आतली दारूही तशीच पाहण्यासारखी. जुन्या काडतुसांत कॉर्डाइट असे, शेवयांसारख्या लांब काड्यांचं. अरुंद गळ्यातून ती जुडी आत जाणार कशी? तर पुंगळी सरळ असतानाच काड्या भरायच्या आणि गळा नंतर आवळायचा. गोळी बसल्यावर ती हलू नये म्हणून गळ्याला बारीक टोचे. नखाने चाचपले तर लागतात.

आता ७८च का? एक उत्तर मॅगझीनमध्ये आहे. त्याच्या पेटीत मावेल त्याहून लांब काडतूस लढाईत कामाचं नाही. दुसरं उत्तर चेंबरमध्ये. ली-एनफिल्डचं चेंबर ऐसपैस कापलेलं असतं, चिखलाने माखलेलं काडतूसही आत जावं म्हणून. सैन्याच्या काडतुसाची लांबी हजारो नळ्यांना चालणारी असावी लागते. आपल्या मलकापूरपासून रेल्वेने थोडंच पुढे, भुसावळजवळ वरणगावचा कारखाना आहे. तिथल्या पुंगळ्यांवर ‘ओएफव्ही’ असतं. कोणतंही काडतूस त्याच मापाच्या कोणत्याही रायफलीत बिनतक्रार बसणं ही त्या कामातली खरी कारागिरी, आणि तिला कुणी दाद देत नाही.

हाताने काडतूस भरणाऱ्याचं गणित उलटं. त्याला एकच नळी सांभाळायची असते. (आपल्याकडे हा उद्योग शस्त्र कायद्याच्या चौकटीतच करावा लागतो, घरबसल्या छंद म्हणून नव्हे.) व्हर्नियर घेऊन तो आधी टोकापर्यंत मोजतो आणि लगेच त्या आकड्यावरचा विश्वास काढून घेतो. कारण एकाच डब्यातल्या गोळ्यांची टोकं लहानमोठी असतात. नळीच्या आत आट्यांमधले जे उभे कंगोरे आहेत, त्यांना टोक शिवतच नाही. शिवते ती गोळीच्या फुगवट्यावरची रेघ, जिथे तिची जाडी कंगोऱ्यांमधल्या अंतराएवढी होते. खरं माप बुडापासून त्या रेघेपर्यंतचं.

ती रेघ शोधण्याची जुनी युक्ती मला फार आवडते. दारू नाही, टोपी नाही, अशी वापरलेली पुंगळी घ्यायची, गळ्याला चीर पाडायची, गोळी हलकेच अडकवायची, तिच्यावर शाई फासायची. बोल्ट हळू मिटला की कंगोरे गोळीला पुढे जाऊ देत नाहीत, ती स्वतःच मागे सरकते. बाहेर काढून पाहावं तर शाईवर बारीक ओरखडे, जितके कंगोरे तितके. थ्री-नॉट-थ्रीच्या पाच आट्यांच्या नळीत ते पाच असतात. नळीने आपलं माप असं स्वतः लिहून दिलेलं असतं.

मग प्रश्न उरतो अंतराचा. गोळी कंगोऱ्यांपासून किती मागे ठेवायची? अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे केला तरी कागदावरची भोकं जवळ येतात नाहीतर विखुरतात. लांब, धारदार नाकाच्या गोळ्या या बाबतीत चोखंदळ. मंद वळणाच्या गोळ्या सोशिक. कंगोऱ्यांना भिडवून बसवली तर दाब चढतो. फार खोल दाबली तर आतली जागा आक्रसते आणि दाब पुन्हा चढतोच. शिवाय भिडलेलं काडतूस न झाडता बाहेर काढलं, तर गोळी नळीतच राहते आणि दारू बोल्टमध्ये सांडते. त्यात नळीचं चेंबरकडचं तोंड झिजत जातं, म्हणून आजचं माप पुढच्या हंगामात शिळं होतं. जाणकार वहीत तारखेसह माप लिहितो ते याचसाठी.

ऑलिंपिक नेमबाजीत मात्र हे स्वातंत्र्यच काढून घेतलेलं असतं. ५० मीटरची रायफल पॉइंट टू-टू. तिच्या काडतुसाची पेटवणारी दारू बुडाच्या कडेतच भरलेली, त्यामुळे ते पुन्हा भरता येत नाही. लांबी कारखाना ठरवतो, जास्तीत जास्त २५.४ मिलिमीटर. पण चेंबर इतकं घट्ट कापलेलं असतं, की बोल्ट मिटतानाच शिशाचा पुढचा भाग कंगोऱ्यांत रुततो आणि मुठीला तो किंचित विरोध जाणवतो. जे अंतर हाताने भरणारा मोजून ठेवतो, ते इथे उरतच नाही. मग निवड कशाची? घाण्याची, म्हणजे एका वेळी बनलेल्या काडतुसांच्या खेपेची. एकाच कारखान्यातले वेगवेगळे घाणे शिकंज्यात धरलेल्या आपल्या नळीतून झाडून पाहायचे आणि नळीला मानवेल तोच घाणा उचलायचा. त्यासाठी नेमबाज जर्मनी-इंग्लंडातल्या चाचणी केंद्रांपर्यंत जातात.

कोल्हापुरातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन पोझिशन प्रकाराच्या अंतिम फेरीत ४५१.४ गुण घेऊन कांस्य जिंकला. ज्या वर्तुळाला तिथे दहा गुण मिळतात त्याचा व्यास १०.४ मिलिमीटर, गोळी स्वतःच ५.६ची. प्राथमिक फेरीत त्याचे ५९० गुण होते आणि ३८ वेळा गोळी दहाच्याही आतल्या पाच मिलिमीटरच्या ठिपक्यापर्यंत पोचली होती. गुडघ्यावर, पालथं, उभं, अशा तिन्ही ठेवणींत श्वास, खांदा, बोट ही त्याची. काडतूस मात्र कारखान्याचं, म्हणून मनाजोगता घाणा संपत आला, की पुन्हा शिकंजा लावून नवे डबे उघडणं आलंच.